पिनवरचे पार्श्वबल

लोडरची बादली उचलणाऱ्या यंत्रणेचे सिम्युलेशन प्रत्यक्ष वेळेत चालवायचे, म्हणजे यंत्राची १ मिलिसेकंदाची हालचाल संगणकाने तेवढ्याच वेळाच्या आत काढून द्यायची, असे काम माझ्याकडे आले होते. समोर आसनावर चालक बसलेला असतो आणि लिव्हर त्याच्या हातात असतो, त्यामुळे उत्तर उशिरा आलेले चालत नाही. हाती आलेले मॉडेल मात्र या वेगाच्या आसपासही फिरकत नव्हते. कुणी अधिक ताकदीचा संगणक मागवायला सांगितले, तर कुणी फेदरस्टोन यांची १९८३ ची पद्धत सुचवली. त्या पद्धतीत गणिताचे काम वस्तूंच्या संख्येच्याच प्रमाणात वाढते आणि लांब साखळ्यांसाठी ती उत्तमच आहे, पण मूठभर दुव्यांच्या (पिनांनी जोडलेल्या दांड्यांच्या) यंत्रणेत तिचा फारसा लाभ होत नाही. सिम्युलेशन मंद झाले की मॉडेल उघडून पाहणे सर्वांत शेवटी सुचते, हा आमच्या क्षेत्रातला जुना दोष आहे.

मॉडेलमध्ये पिन आणि दुवा यांच्यामध्ये १ ग्रॅम वस्तुमानाची एक नाममात्र वस्तू घातलेली होती आणि तिला १ कोटी न्यूटन प्रति मीटर स्टिफनेसच्या (ताठपणाच्या) बुशने, म्हणजे पिनभोवतीच्या अस्तराने, बांधलेले होते; मॉडेलमध्ये ते स्प्रिंगसारखे वागते. स्टिफनेसला वस्तुमानाने भागून वर्गमूळ काढले की सेकंदाला १ लाख रेडियन इतकी वारंवारता येते, आणि हालचाल पायरीपायरीने काढणाऱ्या चौथ्या क्रमाच्या रुंगे-कुट्टा पद्धतीला ती झेपण्यासाठी कालपायरी (एका पायरीचा वेळ) सुमारे २८ मायक्रोसेकंदांच्या खाली ठेवावी लागते. ज्या कंपनाशी कुणालाच कर्तव्य नव्हते, त्याच्यापायी सगळे गणित रखडले होते. बुशचा आकडाही मोजलेला नव्हता, सोयीने घातलेला होता. मी त्या नाममात्र वस्तू काढून टाकल्या, बुशच्या जागी आदर्श (अजिबात न लवणारे, फक्त फिरू देणारे) पिन-जॉइंट बसवले, आणि मॉडेल १ मिलिसेकंदाच्या पायरीने आरामात चालू लागले. चालकांना हालचाल पटली.

खरा पेच त्यानंतर उभा राहिला. बादलीचा एक कोपरा दगडाला लागला तर प्रत्येक पिनवर किती पार्श्वबल, म्हणजे पिनच्या अक्षाच्या दिशेने बाजूला ढकलणारे बल, येते, हे आकडे मजबुती तपासणाऱ्या गटाने याच मॉडेलमधून घ्यायचे ठरवले. मी त्यांना फोर-बार साखळीची (चार दुवे चार पिनांनी जोडलेली बंद साखळी, त्यातला एक दुवा स्थिर) मोजणी करून दाखवली. हलणारे दुवे ३, प्रत्येकाच्या हालचालीच्या शक्यता ६ (तीन दिशांना सरकणे, तीन अक्षांभोवती फिरणे), म्हणजे एकूण १८; पिन-जॉइंट ४, प्रत्येकाची बंधने ५, म्हणजे एकूण २०. वजाबाकी उणे २ येते, म्हणजे हिशेबाप्रमाणे साखळी हलताच कामा नये. प्रत्यक्षात ती एका प्रकारे हलते, कारण चारही पिनांचे अक्ष समांतर असल्याने ३ बंधने जादा ठरतात. सॉल्व्हर, म्हणजे समीकरणे सोडवणारा प्रोग्राम, ती गुपचूप वगळतो आणि इशाऱ्याची एक ओळ लिहितो, जी कुणीही वाचत नाही.

केवळ बोलून पटेना, म्हणून मी जॉइंटचा क्रम बदलून तेच मॉडेल पुन्हा चालवले. हालचाल तीच आली आणि साखळीच्या प्रतलातली बलेही तीच आली. पण पार्श्वबल एका पिनवरून दुसऱ्या पिनवर सरकले, आणि आधी भार दाखवणाऱ्या पिनवर चक्क शून्य आले. जे बंधन वगळले जाते त्याचे प्रतिक्रिया बल शून्य धरले जाते, एवढेच त्यामागचे कारण. तरीही एका अनुभवी अभियंत्याने विचारले की यातला बरोबर आकडा कोणता. दोन्ही आकडे निरर्थक आहेत, हे त्यांना मान्य करायला जड गेले.

एका पिनच्या जागी गोलीय (सर्व बाजूंना फिरू देणारा, ३ बंधनांचा) आणि दुसरीच्या जागी दंडगोलीय (फिरू आणि अक्षावर सरकू देणारा, ४ बंधनांचा) जॉइंट घेतला तर बंधने १७ होतात, जादा एकही उरत नाही आणि उत्तर एकच येते. पण मग भाराची वाटणी यंत्र ठरवत नाही, मॉडेल करणारा ठरवतो. खरी वाटणी धातूच्या बुशचा स्टिफनेस, त्यातला खेळ (पिनभोवतीची मोकळी फट) आणि अक्षांचा किंचित तिरपेपणा यांवर अवलंबून असते. धातूच्या बुशचा खरा स्टिफनेस त्या सोयीच्या आकड्याहून कितीतरी जास्त असणार, म्हणजे तो घातला की कालपायरीवरचा दाब परत येणार. अंतर्निहित (इम्प्लिसिट) पद्धतीने, म्हणजे पुढच्या क्षणाची स्थिती समीकरणे सोडवून काढण्याने, वारंवारतेची ही मर्यादा टळते, पण तिच्यात प्रत्येक पायरीला समीकरणे सोडवण्याचा खर्च वाढतो, आणि तो १ मिलिसेकंदात बसेल का, हे मी सध्या तपासत आहे. तोपर्यंत अहवालातला पार्श्वबलाचा रकाना मी काढून टाकला आहे, आणि बुशमधला खेळ व पिनांचा तिरपेपणा प्रत्यक्ष मोजून द्यावा, असे लेखी मागितले आहे.