आमची वाटचाल : वाडीच्या नाक्यापासून स्वतःच्या यार्डापर्यंत

2004 साली नागपूरजवळ, अमरावती मार्गावरील वाडी येथे एका जुन्या दहाचाकी गाडीवर आम्ही मालवाहतुकीचा व्यवसाय सुरू केला. श्रीनगर–कन्याकुमारी हा राष्ट्रीय महामार्ग 44 आणि पूर्व-पश्चिम जाणारा राष्ट्रीय महामार्ग 53 नागपुरात एकमेकांना छेदतात; त्यामुळे रायपूरचे लोखंड असो वा काटोल-नरखेडची संत्री, भाड्याची वानवा आम्हांला फारशी कधी भासली नाही. अडचण होती ती भरलेली गाडी उभी करण्याची, आणि आमच्या पेढीला आजचे स्वरूप आले ते त्याच अडचणीमुळे.

अवजड वाहनांना शहरात दिवसा प्रवेशबंदी असल्याने पहाटे पोहोचलेली गाडी रात्र होईपर्यंत रस्त्याच्या कडेलाच राहत असे. मिरचीच्या हंगामात नागपूरच्या कळमना बाजाराबाहेर रांग लागली की माल उतरण्यास आणखी वेळ जाई, आणि त्या अवधीत डिझेलच्या टाकीचे झाकण तुटणे, ताडपत्रीचा रस्सा कापला जाणे हे नित्याचेच होते. गाडी बंद पडली तर चालक मागे दगड मांडत आणि झाडाची फांदी खोचत. गाडी दुरुस्त होऊन निघून गेली तरी दगड मात्र रस्त्यावर तसेच राहत आणि मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराच्या जिवावर बेतत. आमच्याकडे मागच्यांना इशारा देणाऱ्या परावर्तक त्रिकोणाशिवाय गाडी फाटकाबाहेर काढायची नाही, असा दंडक पडला तो यातूनच.

धुक्याच्या एका पहाटे भंडारा मार्गावर उभ्या असलेल्या आमच्या गाडीवर मागून मोटार आदळली. सुदैवाने प्राणहानी झाली नाही, पण रहदारीस अडथळा केल्याचा गुन्हा चालकावर दाखल झाला. तेव्हा भारतीय दंड संहितेच्या कलम 283 खाली दंडाची कमाल मर्यादा 200 रुपये होती. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 285 मध्ये ती 5,000 रुपये आहे. दंड वाढला याबद्दल आमची तक्रार नाही. मात्र त्या रस्त्यावर गाडी थांबवण्यासाठी जागा कोणती, याचे उत्तर आम्हांला कोणत्याही कार्यालयात मिळाले नाही.

1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 117 वाहने उभी करण्याच्या जागा ठरवण्याचा अधिकार राज्य शासनाला देते, परंतु अशी जागा प्रत्यक्ष उभारण्याचे बंधन कोणावर घालत नाही. 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाखाली विकास आराखड्यात ट्रक टर्मिनससाठी भूखंड आरक्षित करता येतो. तो दहा वर्षांत संपादित झाला नाही, तर जमीनमालक कलम 127 खाली नोटीस देऊन आरक्षण संपवण्याच्या मार्गाला लागू शकतो. योगायोग असा की, मोटार वाहन कायद्याचे कलम 127 हे धोकादायक जागी सोडलेली गाडी उचलून नेण्याचे आहे. एका 127 ने जागा जाते आणि दुसऱ्या 127 ने गाडी, असे आमचे मुनीमजी म्हणतात.

दरम्यान आमच्याकडील कामगार पाचांवर गेले आणि तेव्हा अमलात असलेला 1961 चा मोटार परिवहन कामगार कायदा आम्हांला लागू झाला. दिवसाला आठ तास काम आणि पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, हे त्यात कागदावर सोपे दिसे. पण चालक तो अर्धा तास घेणार कुठे? 11 डिसेंबर 2022 रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर–शिर्डी टप्पा खुला झाला, तेव्हा आमचा प्रवासाचा वेळ बराच वाचला, मात्र सुरुवातीच्या काळात वाटेत विश्रांतीच्या सोयी तुटपुंज्या होत्या. 15 ऑक्टोबर 2023 रोजी वैजापूरजवळ ट्रकवर मिनीबस मागून आदळून 12 जण दगावले, आणि वेगवान रस्त्यावर ट्रक थांबला तर काय होऊ शकते, हे आमच्या प्रत्येक चालकाला कळले.

त्यानंतर आम्ही शहराबाहेर कापसीच्या बाजूला जागा भाड्याने घेऊन मुरूम टाकला, दिवे लावले, पाण्याची टाकी, शौचालये आणि खाटांची एक खोली बांधली, चौकीदार नेमला. इतरांच्या गाड्याही रात्रीपुरत्या ठेवून घेऊ लागलो, आणि हे उत्पन्न आज मालवाहतुकीच्या भाड्याच्या जोडीने पेढीचा भार उचलते. डिझेलची चोरी जवळपास थांबली; चालक टिकू लागले, आणि आमच्या मते हाच मोठा लाभ आहे.

तरीही ज्या कामाची जबाबदारी शासनाची, ते छोट्या व्यावसायिकाने स्वतःच्या खर्चाने करावे, हे आम्हांला पटत नाही. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात आलेले कलम 198 अ रस्त्याच्या रचनेतील हयगयीमुळे मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास संबंधितांना एक लाख रुपयांपर्यंत दंड सांगते. गाडी थांबवण्याच्या जागेचा अभाव हाही रचनेचाच दोष मानला जावा. राज्याच्या अखत्यारीतील रस्त्यांपुरती ही तरतूद 1955 च्या महाराष्ट्र महामार्ग अधिनियमात करता येईल, असे निवेदन आम्ही इतर वाहतूकदारांसह दिले आहे. उत्तर आलेले नाही. तोवर आम्ही बिल्टीवर, म्हणजे माल पाठवल्याच्या पावतीवर, थांब्याचा खर्च वेगळा दाखवतो. काही व्यापाऱ्यांनी त्यावर कुरकुर केली, एकाने काम काढून घेतले, पण बहुतेकांनी तो मान्य केला आहे. बुटीबोरीच्या बाजूला दुसऱ्या यार्डासाठी जागा पाहणे सुरू आहे.