तिसऱ्या राउंडचा दम: उन्हाळ्यातल्या सरावाची नोंद

फेब्रुवारीपासून पहिल्या पावसापर्यंत मी एकाच प्रश्नाच्या मागे आहे. तिसऱ्या राउंडला माझा डावा हात खाली का येतो? पहिल्या राउंडला हनुवटीशी असलेला ग्लोव्ह शेवटच्या मिनिटात छातीपाशी लोंबकळत असतो आणि समोरच्या मुलीचा उजवा हात नेमका तिथूनच आत शिरतो. हौसेने बॉक्सिंग करणाऱ्या बहुतेकांचं हेच दुखणं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात: वय 36, घर प्रभादेवीला, नोकरी सांभाळून संध्याकाळी परळच्या एका लहानशा क्लबमध्ये सराव. स्पर्धेत उतरेनच असं नाही, पण स्पॅरिंग, म्हणजे जोडीदाराबरोबरची सरावाची लढत, मनापासून करते. हौशी बॉक्सिंगचा सामना 3 मिनिटांच्या 3 राउंडचा असतो, मध्ये 1 मिनिट विश्रांती. म्हणजे सगळा खेळ 11 मिनिटांचा, आणि माझा प्रश्न त्यातल्या शेवटच्या दोन मिनिटांचा.

हात खाली आला की सगळे एकच सांगतात, दम वाढव. पळ, दोरी मार, बर्पी मार. आमच्या सरांनी मात्र आधी फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून उभा केला, तिन्ही राउंड चित्रित केले आणि मग आम्ही दोघांनी ते थांबवत थांबवत पाहिले. पहिल्या राउंडमधला जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, हनुवटीपासून सरळ जातो आणि गेला त्याच रेषेत परत येतो. तिसऱ्यात जाताना तो सरळच आहे, येताना मात्र खालून वळसा घेतो. त्याहून बोलकं दृश्य ठोसा मारायच्या आधीचं होतं. हात अजून हललेलाही नाही आणि डावा खांदा वर चढून कानाला टेकलेला. मूठ आवळलेली, जबडा आवळलेला, ओठ मिटलेले. दुसऱ्या राउंडच्या मध्यापासून जवळजवळ प्रत्येक फ्रेममध्ये हेच.

सर म्हणाले, "तू ठोसे मारून दमत नाहीयेस. दोन ठोशांच्या मधे दमतेयस."

या वाक्याने माझ्या सगळ्या आखणीची दिशा बदलली. दम आणि तंत्र हे तराजूचे दोन पारडे आहेत, एकात टाकलं की दुसऱ्यातलं कमी होतं, अशी आपली धारणा असते. माझं आता ठाम मत झालंय की हौशी खेळाडूची निम्मी धाप ही तंत्रातल्या गळतीची धाप असते. ती गळती तशीच ठेवून कितीही पळलं तरी तिसरा राउंड जड जाणारच.

गळती कुठे कुठे असते ते सांगते. पहिली मुठीत. ठोसा लागतो त्या क्षणी मूठ घट्ट हवी, बाकी वेळ ग्लोव्हच्या आत बोटं सैल हवीत. सतत आवळलेली मूठ म्हणजे मनगटापासून खांद्यापर्यंतचे स्नायू तीन मिनिटं अखंड कामाला. ग्लोव्ह 16 औंसाचे असले की हे फार लवकर जाणवतं. दुसरी गळती श्वासात. तीन-चार ठोशांची जोडणी मारताना श्वास कोंडून धरायची सवय जवळपास सगळ्यांना असते, आणि ती स्वतःला कळत नाही. शेजारचा बॅगवर (टांगलेल्या जड पिशवीवर) ठोसे मारत असेल तेव्हा कान देऊन ऐका. प्रत्येक ठोशाला नाकातून 'स्स' ऐकू यायला हवं. जोडणी संपल्यावर एकदम मोठा उसासा आला, तर श्वास कोंडलेला होता. माउथगार्ड (दातांवरचं कवच) लावून श्वास घ्यायचीही सवय करावी लागते. तोंड उघडं ठेवून हवा ओढायला सोपं वाटतं, पण उघड्या जबड्यावर ठोसा बसणं धोक्याचं. म्हणून मी शॅडोसुद्धा (समोर कोणी नसताना हवेत ठोसे मारायचा सराव) आता माउथगार्ड लावूनच करते.

तिसरी गळती हुकलेल्या ठोशांची, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. लागलेला ठोसा समोरच्यावर थांबतो. हुकलेला ठोसा आपल्याच खांद्याला आणि पाठीला थांबवावा लागतो, शिवाय घसरलेला तोल सावरायचा तो वेगळाच. अंतर नीट ओळखणं हे वरकरणी निव्वळ तंत्राचं काम, पण त्यात दम किती वाचतो ते स्पॅरिंगमध्येच कळतं. पायांचंही तेच. जॅबबरोबर पुढचा पाय सरकला आणि मागचा तितकाच आला नाही, की पवित्रा रुंद होत जातो आणि प्रत्येक वेळी स्वतःला गोळा करून आणावं लागतं.

यावर आम्ही जे केलं ते पाहायला कंटाळवाणं आहे. सरावाच्या सुरुवातीला, अंग गरम झाल्यावर लगेच, अर्ध्या वेगाने शॅडो. फक्त जॅब आणि त्याचं परत येणं. सर मागे उभे राहून खांद्यावर दोन बोटं ठेवतात. खांदा वर आला की बोटांना कळतं आणि ते "सोड" एवढंच म्हणतात. एप्रिलच्या मध्यापर्यंत हे इतक्या वेळा ऐकलं की बॅगसमोर एकटी असतानाही ते कानात वाजायचं.

हे सुरुवातीलाच का, तर नवीन हालचाल ताज्या अंगानेच शिकावी. थकलेलं शरीर आळशी वाट शोधतं आणि त्या वाटेची उजळणी झाली की तीच पक्की होते. आधी बर्पी आणि उड्यांनी पार पिळून काढायचं आणि मग प्रशिक्षकाने हातात धरलेल्या पॅडवर ठोसे मारायला उभं करायचं, ही पद्धत मुंबईतल्या फिटनेस वर्गांमध्ये सध्या जोरात आहे. घाम भरपूर येतो, पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं. पण ज्याला बॉक्सिंग शिकायचंय त्याचं यात नुकसान होतं असं मला मनापासून वाटतं, कारण त्याच्या अंगात मुरतो तो थकलेला जॅब. सामन्याचे पंचही त्याची किंमत करत नाहीत. गुणासाठी ठोसा बंद मुठीच्या सांध्यांच्या बाजूने, डोक्याच्या पुढच्या किंवा बाजूच्या भागावर, नाहीतर पट्ट्याच्या वर धडावर स्वच्छ बसावा लागतो. दमलेल्या हाताने उघड्या ग्लोव्हच्या चापट्या कितीही मारल्या तरी हाती काही लागत नाही. उत्तरेकडच्या आखाड्यांत मातीतली प्रत्यक्ष लढत सकाळी आणि दंड-बैठका संध्याकाळी अशी वाटणी चालत आली आहे. त्यामागेही हाच शहाणपणा असावा.

आता दुसरी बाजू, कारण गळती बुजवली तरी टाकीत काही असावं लागतंच. जोरदार जोडणी मारायला स्नायूंमध्ये साठलेली तयार ऊर्जा लागते आणि ती काही सेकंदांत संपते. ती परत भरण्याचं काम ऑक्सिजनवर चालतं. दोन चकमकींमधल्या वेळात आणि कोपऱ्यातल्या त्या एका मिनिटात तुम्ही किती सावरता हे त्यामुळे संथ, लांब पळण्यातून तयार झालेल्या पायावर ठरतं. मोठे खेळाडू वर्षानुवर्षं पहाटे उठून पळतात ते याचसाठी.

माझं पळणं शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवती. एक फेरी सुमारे सव्वा किलोमीटरची. वेग पाहायचा नाही, नाडी पाहायची, हा नियम मी मार्चपासून पाळतेय. 220 वजा वय या ढोबळ सूत्राने माझी कमाल नाडी 184, तिच्या 60 ते 70 टक्के म्हणजे साधारण 110 ते 130. नाडी मोजणारा पट्टा किंवा घड्याळ नसेल तर पळता पळता शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता येतंय का ते पाहा, तेवढं पुरतं. मुंबईत मे महिन्यात याचा खरा कस लागतो. हवेत इतका दमटपणा की घाम सुकतच नाही, आणि घाम सुकला नाही तर अंग थंड होत नाही. मग अंग थंड ठेवायला हृदय त्वचेकडे जास्त रक्त ढकलतं आणि त्याच वेगाला नाडी फेब्रुवारीपेक्षा कितीतरी वर जाते. मे महिन्यात मी सलग फेऱ्या सोडून थोडं पळणं, थोडं चालणं असं केलं. बाजूने आजोबा मंडळी भराभर चालत पुढे जायची, जाऊ दिली. नाडी 130 च्या आत राहिली, काम झालं.

याच दिवसांत सरावाच्या आधी आणि नंतर वजन करून पाहा. एक किलो उतरलं तर साधारण एक लिटर पाणी गेलं असं धरायचं. मी बाटलीत लिंबू, मीठ आणि जरा साखर घालून नेते आणि राउंडच्या मध्ये घोट घोट पिते. घरी पोचायला दहा वाजतात, तेव्हा मुगाची खिचडी आणि दही. खाण्याबद्दल याहून जास्त सांगण्यासारखं माझ्याकडे नाही.

ताकदीचं काम आठवड्यातून दोनदा, थोडकंच: जोर, बैठका, पुलअप्स, मानेचे व्यायाम. स्पॅरिंगच्या आदल्या दिवशी खांद्यांना हात लावत नाही.

आता खरा अवघड भाग. ताज्या अंगाने तंत्र आणि वेगळ्या वेळी दम एवढ्यावर भागत नाही, कारण तिसरा राउंड कधीच ताज्या अंगाने खेळायला मिळत नाही. खाशाबा जाधवांनी 1952 मध्ये हेलसिंकी ऑलिंपिकला कुस्तीच्या बँटमवेट वजनगटात कांस्यपदक मिळवलं हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. जपानच्या इशीशी लांबलेली कुस्ती संपताच त्यांना लगेच सोव्हिएत रशियाच्या ममादबेयोवशी लढायला उभं केलं गेलं, हे मात्र कमी सांगितलं जातं. दोन कुस्त्यांमध्ये अर्ध्या तासाच्या विश्रांतीचा नियम होता, पण त्यावर बोट ठेवायला आपला कोणी अधिकारी तिथे नव्हता. त्यांच्यासारखा मल्लही तिथे हरला. तंत्र दम फुटल्यावरही हाती राहायला हवं, तर दमलेल्या अवस्थेतही त्याचा सराव लागतो.

प्रश्न कशाचा, आणि किती, एवढाच. आम्ही ठरवलं की दमलेल्या अंगाने फक्त तीनच गोष्टी करायच्या: जॅब, जॅब-क्रॉस (जॅबपाठोपाठ मागच्या हाताचा सरळ ठोसा), आणि त्यानंतर बाजूला निघणं. या तिन्ही माझ्या सर्वांत जुन्या, सर्वांत मुरलेल्या. हुक (बाजूने वळवून मारायचा ठोसा), अपरकट (खालून वर मारायचा ठोसा) किंवा त्या महिन्यात शिकत असलेलं काहीही यात नाही. सरावाच्या शेवटी बॅगवर 30 सेकंद पूर्ण जोर, 30 सेकंद हलके पाय आणि नुसता जॅब, असे तीन मिनिटं. हलक्या 30 सेकंदांत गार्ड (बचावासाठी चेहऱ्यापाशी धरलेले हात) वर, श्वास नाकाने, खांदा खाली. याच हलक्या भागाकडे सर सगळ्यात जास्त लक्ष देतात. आणि एक अट: हात परत येताना वळसा घ्यायला लागला की राउंड तिथेच संपला. घंटेची वाट पाहायची नाही. मनाला हे जड जातं. आपल्याला शेवटपर्यंत रेटण्याचं कौतुक असतं. पण वळसा घेणारे आणखी वीस जॅब मारून मिळवायचं काय?

माझ्याबरोबर सराव करणारी मुलगी कॉलेजात आहे, मला ताई म्हणते आणि मला सहज पळवू शकते. तिची गोष्ट माझ्या उलट आहे. दम अफाट, पण तिन्ही राउंड ती एकाच पट्टीत खेळते, कुठे थांबायचं ते तिला सुचत नाही. सरांनी तिला पळणं कमी करायला सांगितलं आणि दर स्पॅरिंगला फक्त अंतर राखायचं काम दिलं. एकाच क्लबमधल्या एकाच वजनाच्या दोघींना वेगवेगळी औषधं. त्यामुळे कोणाचाही आठवड्याचा तक्ता जसाच्या तसा उचलण्यात अर्थ नाही, माझाही नाही. आधी स्वतःचा तिसरा राउंड चित्रित करा आणि हात कुठून सुटतोय ते शोधा.

प्रगतीचं माप म्हणून मी राउंड संपल्यावर एका मिनिटात नाडी किती उतरते ते लिहून ठेवते. मार्चमध्ये स्पॅरिंगच्या दुसऱ्या राउंडनंतर ती 176 वरून 150 पर्यंत यायची. गेल्या आठवड्यात 172 वरून 134 वर आली, तीही दमट संध्याकाळी, पंख्याखाली. चित्रीकरणातही फरक आहे. तिसऱ्या राउंडच्या दुसऱ्या मिनिटापर्यंत जॅब आता आपल्या रेषेत परत येतो. खांदा अजून चढतो, पण मुख्यतः माझ्यावर मारा होत असताना. स्वतः मारताना तो बऱ्यापैकी खाली असतो. म्हणजे उरलेला ताण बराचसा भीतीचा आहे, आणि त्यावर पळण्याचा उपाय नाही. त्यासाठी जून-जुलैमध्ये हलक्या हाताचं, फक्त बचावाचं स्पॅरिंग ठेवलंय: ती कॉलेजातली मुलगी मारणार, मी फक्त अडवणार, सरकणार आणि श्वास चालू ठेवणार.

पावसात कट्टा निसरडा होतो, त्यामुळे पळण्याऐवजी इमारतीच्या पॅसेजमध्ये दोरी. पण दोरीने नाडी फार पटकन चढते, म्हणून संथ लयीत, दोन्ही पायांवर आलटून पालटून. खालच्या मजल्यावरच्या काकूंना दुपारी झोप लागते, तेव्हा वेळ सकाळचीच. डाव्या हाताचा बॉडी हुक शिकायचा फार दिवसांपासून मनात आहे, तो ऑगस्टपासून सरावाच्या पहिल्या वीस मिनिटांत घेईन. शेवटच्या बॅग-राउंडमध्ये मात्र यंदा तो येणार नाही.