व्हॅन सावलीत, पॅनल उन्हात

मे महिन्यात गुहागरला गेलो होतो, मी, नवरा आणि आई, आमच्या ट्रॅव्हलरमधून, जिची आम्ही दोन वर्षं खपून झोपायची गाडी केलीये. दुसऱ्या रात्री साडेतीनला मला जाग आली ती आवाजाने नाही, आवाज थांबल्याने. पंखा बंद, उशी घामाने ओली, आणि फ्रिजचा तो बारका हिरवा दिवा गेलेला. फ्रिजमध्ये आईचं इन्सुलिन होतं. न उघडलेली कार्ट्रिजेस २ ते ८ डिग्रीतच ठेवायची असतात. मग काय, टॉर्च घेऊन वाडीतल्या काकूंचं दार वाजवलं, त्या बिचाऱ्या एका शब्दाने न विचारता डबा घेऊन आत गेल्या आणि स्वतःच्या फ्रिजमधलं दूध बाजूला सरकवून जागा केली.

चूक कुठे झाली ते मुंबईला आल्यावर कागद-पेन घेऊन बसलो तेव्हा कळलं. गाडीतली बॅटरी १२.८ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची, लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे पूर्ण भरली की १२८० वॉट-अवर वीज. फ्रिज ४५ वॉटचा, त्या उकाड्यात निम्मा वेळ कॉम्प्रेसर चालूच, म्हणजे दिवसाला ५४० तिथेच गेले, रात्रीचा पंखा २००, दिवे आणि मोबाईल धरून ८५० च्या आसपास. टपावरच्या २०० वॉटच्या सोलर पॅनलने चांगल्या उन्हात सहाशे तरी भरून दिले असते. पण आम्ही गाडी लावली होती नारळाखाली! आईला ऊन सोसत नाही म्हणून. पॅनलमधले सेल एकामागे एक जोडलेले असतात त्यामुळे एका झावळीची सावली थोड्याच सेलवर पडली तरी पॅनलचा मोठा भाग झोपतो. दिवसभरात दीडशे मिळाले असतील नसतील.

आणि संध्याकाळी मीटर बघितला होता हो आम्ही, १३.० व्होल्ट दाखवत होता! आधीच्या लेड-अॅसिड बॅटरीला १२.७ म्हणजे फुल, त्यामुळे आम्ही निवांत. लिथियमचं तसं नसतं, ही बॅटरी जवळपास शेवटपर्यंत १३ च्या आगेमागेच दाखवते आणि मग एकदम खाली येते, आणि बीएमएस, म्हणजे बॅटरीतलं तिला जपणारं सर्किट, सगळं कट करतो. व्होल्ट बघून तिच्यात किती शिल्लक आहे ते कळतच नाही. त्यासाठी शंट लागतो, तो आत किती अँपिअर आले आणि बाहेर किती गेले ते मोजतो, बँकेच्या पासबुकासारखं. ज्यांची बॅटरी लिथियम आहे आणि शंट नाहीये त्यांना माझं हात जोडून सांगणं आहे, पॅनल नंतर वाढवा, आधी तो बसवा.

आम्ही शंट बसवला, आणि इंजिन चालू असताना बॅटरी भरणारा डीसी-डीसी चार्जरही, २० अँपिअरचा. तो तासाला अडीचशे वॉट-अवर देतो, चार तास गाडी चालली की हजार. पावसाळ्यात तर तोच आधार, जुलैत पॅनलच्या भरवशावर राहू नका. टपावरचं पॅनल आधी पत्र्याला चिकटून होतं तेही थोडं उचललं, खालून वारा लागला पाहिजे, २५ डिग्रीच्या वर प्रत्येक डिग्रीला ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी होते आणि मेच्या दुपारी पॅनल ६५ पर्यंत सहज तापतं.

पण खरा फरक पडला तो घडीच्या पॅनलमुळे. लॅमिंग्टन रोडवरून जाड केबल, कनेक्टर आणि फ्यूज आणले, फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ लावला, आणि दहा मीटरची वायर केली. आता गाडी सावलीत आणि पॅनल अंगणात.

ते पॅनल आईने ताब्यात घेतलंय. सकाळी खाली वीट लावून पूर्वेकडे कलतं, बारा वाजता आडवं, चहा झाला की पश्चिमेला. तिला कुणी शिकवलं नाही, आंब्याची साठं वाळवताना ताटं उन्हामागे सरकवायची सवयच आहे तिला. मधेच ओल्या फडक्याने धूळ पुसते आणि गाडीत येऊन शंटचा आकडा वाचते, "८२ टक्के झाले गं, आता पंखा मोठा कर."