सातवीचा तास आणि 900 अंशांचा त्रिकोण

त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज 180 अंश, हे मी इतकी वर्षं शिकवतेय की झोपेतून उठवलं तरी सांगेन. कागदाचा त्रिकोण कापायचा, तिन्ही कोपरे फाडायचे, एका रेषेवर शेजारी शेजारी लावायचे, झालं काम. यंदा लोकवर्गणीतून शाळेत जुने, पण चालू कंप्युटर आले आणि हेडसर म्हणाले, "बाई, गणिताचंही काहीतरी घ्या त्यावर, पोरं नुसती चित्रं रंगवत बसतात." जिओजेब्रा हे भूमितीच्या आकृत्या काढायचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि एकदा टाकलं की नेट लागत नाही. आमच्या गावात ही दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची! सुट्टीत घरी थोडंफार गिरवलं आणि वर्गाला सांगून टाकलं, मीही शिकतेच आहे, कुणाला काही सापडलं तर दडवायचं नाही.

त्रिकोण काढा, कोनाचं बटण दाबा, तीन बिंदूंवर ओळीने टिचकी मारा, असे तिन्ही कोन मोजा आणि बेरीज वहीत करा. पहिली तक्रार आली, "बाई, माझे 180.01 झाले." ते सोपं होतं. पडद्यावर दशांश दोनच स्थळं दिसतात, तीन कोनांत थोडं थोडं इकडेतिकडे होतं. मागच्या बाकावरचा एक पठ्ठ्या मेनूत शिरून दशांश स्थळं वाढवूनही आला. ते बटण कुठे असतं ते मला त्यानेच दाखवलं.

मग कोपऱ्यातून आवाज आला, "बाई, 900."

आधी वाटलं, बेरीज चुकली. पाहिलं तर कोन 310, 295 आणि 295. बेरीज बरोबर. शेजारी आणखी दोघींचे 900. बाकीच्यांचे मात्र सरळ 180. वर्गात कल्ला सुरू झाला, तो मी होऊ दिला.

उलगडा केला तो एरवी फळ्यापर्यंतही न येणाऱ्या मुलीने. ती तिचा वरचा शिरोबिंदू धरून हळूहळू खाली ओढत होती. बिंदू पायावर टेकला तेव्हा कोन 0, 180, 0 झाले. अजून थोडा खाली ओढला आणि दोन्ही शून्यं एकदम उडी मारून 360 च्या जवळ गेली, मधला कोन 180 च्या पुढे सरकला आणि बेरीज 900 झाली. परत वर नेला, 180. तिने चार-पाच वेळा खालीवर केलं आणि म्हणाली, "बाई, त्रिकोण उलटा झाला की हा बाहेरून मोजतो."

अगदी तसंच होतं. जिओजेब्रा कोन नेहमी घड्याळाच्या उलट दिशेनेच मोजतं. त्यामुळे टिचक्या कुठल्या क्रमाने मारल्या यावर आतला कोन मिळणार की बाहेरचा प्रविशाल कोन (180 अंशांहून मोठा), हे ठरतं. पोरांनी लगेच सूत्र काढलं: प्रदक्षिणा घातली की 180, उलटं फिरलं की 900. सेटिंगमध्ये प्रविशाल कोन बंद करता येतो हे मला नंतर कळलं. बरं झालं, आधी कळलं असतं तर मी तो बंद करूनच तास घेतला असता आणि हा तास झालाच नसता.

घंटा झाली तरी कुणी उठेना. चौकोन काढला: आतून 360, बाहेरून 1080. पंचकोन: 540 आणि 1260. फळ्यावर दोन रांगा लिहिल्या. दोन्ही रांगा 180 ने वाढतात हे सगळ्यांनाच दिसलं. मग तीच मुलगी म्हणाली, "वजाबाकी केली की प्रत्येक वेळी 720 येतात." सहा बाजूंना काय येईल म्हणून षटकोन काढला. 720 आणि 1440. फरक पुन्हा तोच.

हे 720 म्हणजे बाह्यकोनांच्या (एक बाजू पुढे वाढवली की तिच्यात आणि शेजारच्या बाजूत होणारा कोन, तो बाह्यकोन) बेरजेची, 360 ची, दुप्पट. पण बाह्यकोन अजून शिकवायचे होते, म्हणून मी एवढंच म्हटलं, "शोधा." दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत कंप्युटरच्या खोलीची किल्ली मागायला सातवीतली निम्मी पोरं हेडसरांच्या दारात उभी होती.