तीन मिनिटं वजा

नाताळच्या दिवशी परदेशी ट्रंकच्या बोर्डावर, म्हणजे जिथं परदेशचे फोन हाताने जोडून दिले जात तिथं, रजा मागायची नसे. मागितली तरी मिळत नसे. १९७२ च्या नाताळात आमच्यातल्या ख्रिश्चन मुलींना सकाळची पाळी देऊन मोकळं केलं होतं, आणि आम्ही बाकीच्या दुपारपासून हेडसेट चढवून बसलो होतो. आठवडाभर आधी बुक झालेल्या कॉलच्या डॉकेटांचे, म्हणजे नोंदीच्या चिठ्ठ्यांचे, गठ्ठे समोर. लंडन, सिडनी, टोरांटो. एकेक डॉकेट उचलायचं, पार्टी जोडायची, तीन मिनिटं झाली की सांगायचं, पुढचं उचलायचं.

आमची मुंबईची कचेरी तेव्हा ओव्हरसीज कम्युनिकेशन्स सर्व्हिसची. १९८६ मध्ये तिचंच विदेश संचार निगम झालं. मी १९६९ ला लागले तेव्हा सगळा कारभार रेडिओवर होता. लघुलहरींवरून आवाज यायचा, म्हणजे यायचा आणि जायचा. लाट चढली की माणूस कानाशी बसून बोलतोय असं वाटे, उतरली की विहिरीच्या तळातून. सूर्य मावळायला लागला की इंजिनिअर मंडळी फ्रिक्वेन्सी बदलत, आणि तेवढ्यात कुणाचं तरी महत्त्वाचं वाक्य हवेत विरून जाई. अशी वाया गेलेली मिनिटं आम्ही डॉकेटवर वजा दाखवायचो. ती मुभा ऑपरेटरला होती, आणि ती फार जपून वापरायची असा दंडक होता.

१९७१ मध्ये जुन्नर तालुक्यातल्या आर्वीला उपग्रहाचं केंद्र सुरू झालं आणि आवाज एकदम धुतल्यासारखा स्वच्छ झाला. फक्त एक नवी भानगड आली. उपग्रह वर छत्तीस हजार किलोमीटरवर. आवाज तिथवर जाऊन खाली यायला पाव सेकंद, उत्तराला परत तेवढाच. म्हणजे तुम्ही बोलून थांबलात की समोरून अर्धा सेकंद काहीच येत नाही. अर्धा सेकंद म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण फोनवर तेवढ्यात माणसाला वाटतं की ऐकू गेलं नाही. तो पुन्हा बोलतो, आणि नेमकं तेव्हाच उत्तर येऊन आदळतं. मग दोघं गप्प. मग दोघं एकदम. मग ‘तू बोल’, ‘नाही, तू बोल’. वर्षभर न भेटलेल्या माणसांची तीनातली दीड मिनिटं एकमेकांना पाळी देण्यात जाताना मी शेकड्यांनी ऐकली आहेत.

संध्याकाळी साडेआठच्या सुमाराला जे डॉकेट हातात आलं ते सोलापूरकडच्या एका तालुक्याच्या गावचं होतं. मिशन हॉस्पिटलचे अमेरिकन डॉक्टर. कॉल ओहायोला, पीपी, म्हणजे नाव दिलेली व्यक्तीच लाइनवर यायला हवी. ती व्यक्ती म्हणजे त्यांची अठरा वर्षांची मुलगी. कॉलेजसाठी त्याच वर्षी तिकडे गेलेली, सुट्टीत आत्याकडे उतरलेली. इतकं सगळं मला कसं कळलं म्हणाल, तर तालुक्याच्या एक्स्चेंजवरच्या ऑपरेटरकडून. या गावच्या ऑपरेटर मंडळींना ठाऊक नसेल असं काही नसे.

“मॅडम, डॉक्टरसाहेब अर्ध्या तासापासून फोनपाशी बसलेत,” तो म्हणाला. “सगळं खटलं घेऊन. धाकटी दोन पोरंबी आल्यात कोडाईकनालहून.”

कोडाईकनालची ती शाळा मला डॉकेटांवरूनच माहीत झाली होती. १९०१ मध्ये मिशनरी कुटुंबांनी काढलेली, म्हणजे मुलांना शिक्षणासाठी समुद्रापार धाडावं लागू नये. ती शाळा संपली की मात्र मूल जायचंच. आईबाप इकडे, मूल तिकडे, आणि मधे दर आठवड्याला एक निळं एरोग्राम. मिशनऱ्यांबद्दल आमच्या घरात जे काही बोललं जायचं ते मी इथे उगाळत बसत नाही. बोर्डावर बसलं की पार्टी ही पार्टी असते.

त्या दिवशी सर्किट लंडनमार्गे मिळालं. लंडनच्या बाईंनी पुढे अमेरिका जोडून दिली, तिकडे सकाळचे दहा वाजले होते. गंमत अशी की ओहायोचा आवाज माझ्या कानात खणखणीत, आणि इकडे चारएकशे किलोमीटरवरच्या गावाचा आवाज भज्यांच्या कढईसारखा तडतडत होता. आकाशातली लाइन सुधारली होती, खांबांवरची नव्हती.

मी घड्याळाचा ठोका दिला आणि “बोला” म्हटलं.

आधी आई बोलली. इंग्रजीत. पार्सल मिळालं का, स्वेटर बसला का, आत्याला मदत करतेस ना. मुलगी प्रत्येक प्रश्नाला थांबून, नीट, “हो, छान आहे” म्हणत होती. पाहुण्यांच्या घरात फोनवर बोलताना माणूस बोलतो तसं. मधला अर्धा सेकंद त्यांनाही छळत होताच. मागून धाकट्यांनी एकसाथ ओरडून काहीतरी म्हटलं, ते तडतडीत वाहून गेलं. दोन मिनिटं झाली होती. मग डॉक्टर म्हणाले, कुणालातरी तुझ्याशी बोलायचंय.

नियम असा की पार्टी जोडली, आवाज ठीक आहे ना बघितलं, की ऐकण्याची कळ वर करायची. दुसऱ्याचं बोलणं आपलं नाही. मी कळ वर करायला बोट ठेवलं आणि कानात आलं,

“ह्यात बोलायचं व्हय?”

बोट तिथंच राहिलं.

“चिमे? आगं चिमे, बोल की!” अर्धा सेकंद संपायच्या आतच, “ह्यात कुनी न्हाई वो, सायेब.” त्याच क्षणी तिकडून आलेलं “मावशे!” तिच्या बोलण्याखाली चिरडलं. मावशीला काहीच ऐकू गेलं नव्हतं. “न्हाई, कुनी न्हाई,” ती म्हणाली, आणि आता ही रिसीव्हर खाली ठेवणार असं मला स्पष्ट दिसलं.

मी मधे पडले. “मावशी, फोन ठेवू नका. मी मुंबईहून बोलतेय. आवाजाला लांबून यायचंय, वेळ लागतो. तुम्ही बोललात की मनातल्या मनात एक-दोन म्हणा, मग तिचा आवाज येईल.”

“तू कोन गं?”

“मी जोडून देणारी.”

“बरं,” ती म्हणाली. “चिमे, जेवलीस का? योक, दोन.”

मनातल्या मनात नव्हे. मोठ्यांदा. तिकडे मुलगी फसकन हसली आणि मग जे बोलली ते ऐकून माझ्या शेजारच्या पोझिशनवरची मैत्रीण माझ्या तोंडाकडे बघायला लागली, कारण माझं तोंड उघडंच राहिलं होतं.

“न्हाई अजून, मावशे. हितं आत्ता कुठं सकाळ झालीया.”

मघाची ती “हो, छान आहे” वाली मुलगी ही नव्हतीच. शब्दच काय, आवाजाची पट्टीसुद्धा वेगळी. गिरगावातल्या चाळीत वाढलेल्या मला इतकं रांगडं मराठी बोलता आलं नसतं.

“हिकडं दिवस बुडाला की. थंडी हाय का गं? योक, दोन.”

“बरफ पडलाय. गुडघ्याएवढा.”

“पानी असं वाया पडतंय व्हय! हितं हिरीत थेंब न्हाई. म्हस इकली. योक, दोन.”

“कपिली?”

“कपिलीच. दुसरी कुठली हाय? काय घालायचं तिच्या म्होरं?”

बहात्तरचा दुष्काळ मुंबईत आम्हाला रेशनच्या रांगेत तेवढा दिसत होता. तिकडे तो घरात शिरला होता.

तीन मिनिटं कधीच झाली होती. मी सांगायला हवं होतं. माझ्यासमोर घड्याळ होतं आणि मी त्याच्याकडे बघत होते, हे मी कबूल करते.

“आन आता मिलो खातूय,” मावशी सांगत होती. मिलो म्हणजे अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी, त्या वर्षी रेशनवर मिळायची. “तुझ्या गावची. भाकरी थापली की चिरा पडत्यात. लालभडक. तुमी लोकं ह्ये खाता तरी कसं गं? योक, दोन.”

योक, दोन झालं. तीन, चारही झालं. उपग्रहाला लागतो त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ गेला.

“त्ये माझं गाव न्हवं, मावशे.”

माझ्या कानात अगदी स्वच्छ. पण आतल्या, म्हणजे मुंबई ते गाव या, लाइनीवर नेमकी तेव्हाच तडतड उठली.

“आं? काय म्हनलीस? न्हाई आलं ऐकू.”

मुलगी गप्प. ते वाक्य पुन्हा म्हणायचं बळ तिच्यात नव्हतं, हे मला कळत होतं. आणि इथं माझं काम सुरू होत होतं. एका पार्टीचं दुसरीला ऐकू गेलं नाही तर ऑपरेटरने ते जसंच्या तसं पुन्हा सांगायचं असतं. रेडिओच्या काळात आम्ही दिवसभर तेच करत असू. फ्लाइटचे नंबर, कापसाचे भाव, ‘बाबा गेले’, सगळं एकाच सुरात. पण रिसीव्हरच्या बाजूलाच तिचे आईबाप उभे होते. वर्षभराची साठवण करून त्यांनी हा कॉल लावला असणार, मुलीला घरची आठवण येऊ नये म्हणून. आणि घर कुठलं यावरच घोटाळा.

मी नंबर सांगते तशा सुरात म्हटलं, “मावशी, ती म्हणतेय, ते माझं गाव नव्हे.”

मावशीने या वेळी एक-दोन म्हटलं नाही.

“मंग येऊ दे की हिकडं. तिला कोन नको म्हनलंय?”

तिकडे मुलगी रडायला लागली. मघापासून घशात अडकलेलं सगळं त्या रडण्यातून सुटत होतं. मागे इंग्रजीत कुणीतरी, बहुतेक आत्या, काय झालं म्हणून विचारत होती.

पुढे खूप वर्षांनी, निवृत्तीनंतर, मी या लोकांबद्दल थोडं वाचलं. गॉर्डन हॉल हे मुंबईत आलेल्या पहिल्या अमेरिकन मिशनऱ्यांपैकी, १८१३ साली आलेले. १८२५ मध्ये त्यांची बायको दोन मुलांना घेऊन जहाजाने अमेरिकेला निघाली, एक मुलगा वाटेतच गेला. इकडे पुढच्या मार्चमध्ये हॉल नाशिककडच्या दौऱ्यात पटकीने वारले. तेव्हा आफ्रिकेच्या टोकाच्या केपला वळसा घालून पत्र जायला चार-पाच महिने लागत. म्हणजे जिवंत माणसाला लिहिलेली कितीतरी पत्रं तो मेल्यावर पोचली असतील. हे वाचताना मला हटकून तो अर्धा सेकंद आठवला. मला तो तेव्हा फार मोठा वाटायचा.

शेवटी डॉक्टर लाइनवर आले. मुलीशी दोन वाक्यं बोलले, तीही मराठीत. मिशनऱ्यांना मराठीची परीक्षा द्यावी लागे, पण हे परीक्षेचं मराठी नव्हतं. मग त्यांनी मला विचारलं, “मुंबई, किती मिनिटं झाली?”

“तीन,” मी म्हटलं.

“माझ्या घड्याळात सहा झाली आहेत.”

“आवाज येत नव्हता ती मिनिटं धरत नाहीत, डॉक्टर.”

“आवाज तर येत होता.”

आता काय करायचं या माणसाचं? मी म्हटलं, “तुमच्याकडे येत असेल. बोर्डावर नव्हता.”

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. “आभारी आहे,” म्हणाले, आणि ठेवलं.

लंडनच्या बाई अजून लाइनवरच होत्या. ती मुलगी अमेरिकन होती ना, मग भाषा कुठली, त्यांनी विचारलं. मराठी, मी म्हटलं. त्यांनी स्पेलिंग विचारून घेतलं. कशाला हवं होतं कोण जाणे.

डॉकेटवर मी लिहिलं: एकूण सहा, वजा तीन, आकारणी तीन. शेरा, ‘आवाज अस्पष्ट’. पाळी संपताना सुपरवायझर बाईंनी ते गठ्ठ्यातून बरोबर बाहेर काढलं. रेडिओच्या काळात केस पांढरे झालेली बाई, तिला फसवणं अवघड.

“उपग्रहावर कधीपासून आवाज अस्पष्ट व्हायला लागला?”

“आतल्या लाइनीवर तडतड होती.”

“तीन मिनिटं?”

मी काही बोलले नाही. तडतड होती हे खरं होतं, तीन मिनिटं नव्हती हेही खरं होतं. बाईंनी चष्मा कपाळावर चढवला, डॉकेट परत माझ्यापुढे सरकवलं.

“मग ‘आतली लाइन’ असं लिही. ऑडिटवाले काय समजतील?”

मी लिहिलं. त्यांनी सही केली.

तेवढ्यात तालुक्याचा दिवा पुन्हा लागला. मला वाटलं डॉक्टरांनी तक्रार केली, जास्त पैसे घ्या म्हणून. या लोकांचा नेम नाही. पण तो ऑपरेटर होता, हसू दाबत.

“मॅडम, मावशी अजून हितं फोनपाशीच बसल्यात. इचारत्यात, ती मधी बोलनारी पोरगी कुठली? जेवली का म्हनावं.”

“सांगा त्यांना,” मी म्हटलं, “डबा उघडतेच आहे.”