कीन्सबर्गचे वाघ-सिंह: जाण्यापूर्वी थोडं

डेन्व्हरला आलेली मराठी मंडळी रॉकी माउंटन, रेड रॉक्स आणि फार तर पाइक्स पीक करून परततात. त्यातून एक अख्खा दिवस निघत असेल, तर उलट्या दिशेला, आय-७६ महामार्गाने ईशान्येकडे कीन्सबर्ग या गावाला जा. तासाभराचा रस्ता. डोंगर पाठीमागे पडतात, दोन्ही बाजूंना गवताळ माळ, अधूनमधून तेल उपसणारे पंप, आणि मग त्याच माळावर चक्क सिंह. 'द वाइल्ड अ‍ॅनिमल सँक्च्युअरी', म्हणजे सोडवून आणलेल्या वाघ-सिंह-अस्वलांचं आश्रयस्थान.

बरोबरच्यांना आधीच सांगून ठेवा, की हे प्राणिसंग्रहालय नाही. इथे पाहुण्यांची जी जी गैरसोय होते, ती जनावरांच्या सोयीसाठी असते. हे डोक्यात असलं की "एवढं लांब आलो आणि वाघ पाठ करून झोपलाय" ही कुरकुर होत नाही. (आमच्यात झालीच, पण थोडी.)

पॅट क्रेग यांनी १९८० मध्ये हे काम सुरू केलं ते प्राणिसंग्रहालयांना जड झालेल्या जादा जनावरांसाठी. पुढे सर्कशीतले आले, रस्त्याकडेच्या खासगी पिंजऱ्यांतले आले, हौसेने घरी पाळलेले आले. वाघाचा बछडा मांडीवर घेऊन फोटो काढून द्यायचा धंदा अमेरिकेत जोरात होता. बछडा मांडीवर मावतो जेमतेम काही आठवडे. नंतर तो रोज पाच-सहा किलो मांस खाणार आणि वीस वर्षांपर्यंत जगू शकणार. मालकाला तो तेव्हा नकोसा होतो. डिसेंबर २०२२ मध्ये 'बिग कॅट पब्लिक सेफ्टी अ‍ॅक्ट' आला आणि बछड्यांना हात लावू देणं व नव्याने घरी वाघ-सिंह पाळणं, दोन्ही बंद झालं. पण आधीच जन्मलेल्यांचं काय? लहानपणापासून माणसाच्या हातचं खाल्लेल्या वाघाला जंगलात सोडता येत नाही. त्याला शिकार येत नाही आणि माणसाची भीती नाही. म्हणजे असा एक प्राणी ठेवून घेणं हा थेट दीड-दोन दशकांचा खर्च, आणि तोही मुख्यतः देणग्यांवर चालवायचा.

पाहायचं कसं, तर वरून. जमिनीपासून बऱ्याच उंचीवर २.४ किलोमीटरचा पादचारी पूल आहे आणि त्याच पुलावरून परत यायचं, म्हणजे पाच किलोमीटरची चाल झाली. पूल उंचावर का, याचं उत्तर मला फार आवडलं. कुंपणापाशी आलेला माणूस वाघाला आपल्या हद्दीत घुसल्यासारखा वाटतो. डोक्यावरून जाणाऱ्याची तो पर्वा करत नाही. खरंच करत नाहीत. खाली एक अस्वल पाण्याच्या टाकीत उताणं पडून मागच्या पायाने पोट खाजवत होतं. वरच्या गर्दीकडे त्याने एकदाही पाहिलं नाही.

पुलाच्या लांबच्या टोकाला सिंहांचं मोठं घर आहे. बोलिव्हियाने २००९ मध्ये सर्कशीतल्या प्राण्यांवर बंदी घातली, आणि २०११ मध्ये तिथले २५ सिंह विमानाने इथे आणले. आधी हिवाळ्यात ऊब देणारा निवारा, मग हळूहळू बाहेरचं गवत. सगळ्याच नव्या जनावरांचं असं असतं: आधी लहान आवार, मग शेजाऱ्यांशी जाळीआडून ओळख, मगच मोठं कुरण. इथे पिल्लं होऊ देत नाहीत. एरवीही अशा आश्रयस्थानांत सिंहाचं खच्चीकरण सहसा टाळून नसबंदी करतात, कारण खच्चीकरणाने आयाळ गळते. हे मला आधी अजिबात ठाऊक नव्हतं.

आता कामाचं. दुर्बीण न्याच, प्रत्येकाला वेगळी असेल तर उत्तम. कुरणं इतकी मोठी आहेत की मोबाइलच्या फोटोत सिंह म्हणजे एक पिवळा ठिपका येतो. सकाळी दार उघडताच पोचा. उन्हाळ्याच्या दुपारी सगळे सावलीत आडवे होतात आणि त्या भागात दुपारनंतर विजांचं वादळ ठरलेलं. वारा-पाऊस-बर्फ असेल तर जागा बंद ठेवतात, म्हणून निघण्याआधी वेबसाइट बघा आणि तिकीटही तिथेच काढा. उंची पाच हजार फुटांच्या आसपास, पुलावर सावली बेताची: टोपी, पाणी, सनस्क्रीन. कुत्रा गाडीत ठेवूनही चालत नाही, त्याच्या वासाने आतले बेचैन होतात. आई-बाबा सोबत असतील तर पूर्ण पुलाचा हट्ट धरू नका, पहिल्या टप्प्यातही पुष्कळ दिसतं.

दुसऱ्या कुठल्या आश्रयस्थानाला जायचा बेत असेल तर तिकिटाआधी दोन प्रश्न विचारा: पिल्लं जन्माला घालता का, आणि हात लावू देता का? एकाचंही उत्तर 'हो' आलं तर तो धंदा आहे, नावात 'रेस्क्यू' असलं तरी.

परतीचं विमान त्याच दिवशी असेल तरी जमतं. डेन्व्हरचा विमानतळ शहराच्या याच अंगाला आहे, त्यामुळे शहरात परत शिरावं लागत नाही. फक्त बॅगा सकाळीच गाडीत टाका आणि विमान संध्याकाळचं घ्या.