तुम्ही विचारलंत म्हणून: बोराच का?

मी संध्याकाळी 14 वर्षांखालच्या पोरांना फुटबॉल शिकवतो, त्यामुळे वर्ल्ड कप जवळ आला की कुणी ना कुणी विचारतंच, तुमचा आवडता कोच कोण? मी सांगतो, बोरा मिलुटिनोविच. मग पुढचा प्रश्न ठरलेला, अहो पण त्याने वर्ल्ड कप तर सोडाच, कधी सेमीफायनलही गाठली नाही, मग तो आवडता कसा? दरवेळी घाईत काहीतरी उत्तर देतो आणि मग मनाला रुखरुख लागते, म्हणून आज नीट लिहितो.

बोरा सर्बियाचा, जन्म 1944 चा. खेळाडू म्हणून पार्टिझान बेलग्रेड, मग फ्रान्समध्ये मोनॅको, नीस, तिथून मेक्सिकोत पुमास, आणि पुमासमध्येच तो कोच झाला. पाच वर्ल्ड कपमध्ये पाच वेगवेगळे देश, 1986 ला मेक्सिको, 90 ला कोस्टा रिका, 94 ला अमेरिका, 98 ला नायजेरिया, 2002 ला चीन. त्यातले पहिले चार देश त्याने ग्रुपमधून पुढे नेले. पाच देशांचा आकडा कार्लोस आल्बेर्तो परेराच्या नावावरही आहे, आणि त्याने ब्राझीलला 94 चा कप जिंकून दिला, मोठाच माणूस. पण बोराला ब्राझील कधी मिळालं नाही, मिळाले ते बहुतेक असे संघ ज्यांच्याकडून कुणाचीच फारशी अपेक्षा नव्हती.

कोस्टा रिकाचंच घ्या, माझा जीव सगळ्यात जास्त तिथे अडकलाय. तीसेक लाख वस्तीचा देश, पहिलाच वर्ल्ड कप, आणि बोरा आला तेव्हा हातात जेमतेम तीन महिने. तीन महिन्यांत कुणाला फुटबॉल शिकवता येत नाही हो, मी दोन-दोन वर्षं एका पोराला डाव्या पायाने पास द्यायला शिकवतोय. तीन महिन्यांत एवढंच करता येतं की आपल्याकडे काय आहे ते ओळखायचं आणि नाही त्याचं रडगाणं बंद करायचं. त्याच्याकडे गाबेलो कोनेहो नावाचा गोलकीपर होता, शिस्तीत मागे बसणारा बचाव होता आणि पुढे पळणारी दोन-तीन पोरं. 11 जून 1990, जेनोआ, समोर स्कॉटलंड. हाफटाइमनंतर लगेचच क्लाउडिओ हाराने टाचेने मागे सरकवलेला बॉल आणि हुआन कायासोने पुढे आलेल्या कीपरवरून अलगद उचलून टाकलेला गोल, मी तो किती वेळा पाहिलाय त्याला गणती नाही. त्यात घाई नाही, भीती नाही, पहिल्याच वर्ल्ड कपचा पहिलाच सामना आहे असं त्या टाचेकडे बघून वाटतच नाही. 1-0 जिंकले. मग तुरिनमध्ये ब्राझीलसमोर काळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचा शर्ट घालून उतरले, म्हणजे त्या शहरातल्या युव्हेंटसचेच रंग, आणि ब्राझीलला एकाच गोलवर रोखलं. स्वीडनविरुद्ध एक गोल मागे होते, तो फेडला आणि शेवटच्या काही मिनिटांत एर्नान मेडफोर्ड सुसाट पळत गेला आणि 2-1. पुढच्या फेरीत कोनेहो दुखापतीने बाहेर आणि चेकोस्लोव्हाकियाच्या स्कुऱ्हावीने तीन हेडर मारले, 4-1, संपलं. पण मला सांगा, याला अपयश म्हणायचं?

मेक्सिकोत 86 ला तो क्वार्टर फायनलला पश्चिम जर्मनीकडून पेनल्टीवर हरला, त्याआधीच्या 120 मिनिटांत गोल खाल्ला नव्हता. अमेरिकेत तर तेव्हा धड प्रोफेशनल लीगसुद्धा नव्हती, म्हणून फेडरेशनने बऱ्याच खेळाडूंना कॅलिफोर्नियात मिशन व्हिएहोला ठेवून क्लबसारखी रोजची ट्रेनिंग दिली, आणि त्यातून तयार झालेल्या संघाने कोलंबियाला 2-1 हरवलं, 1950 नंतरचा त्यांचा वर्ल्ड कपमधला पहिलाच विजय.

चुका नव्हत्या असं मी म्हणणार नाही. 98 च्या नायजेरियाकडे ऑलिम्पिक सोनं जिंकलेली पोरं होती, स्पेनला 3-2 हरवलं, ओलिसेचा तो लांबून मारलेला गोल कोण विसरेल, आणि मग डेन्मार्कसमोर पहिल्या 12 मिनिटांत दोन गोल खाऊन 4-1 ने गेले. एवढा गुणी संघ असा विस्कटला याची जबाबदारी कोचचीच. त्याच्या आदल्या वर्षी मेक्सिकोला क्वालिफाय करून दिल्यावरही त्याला काढलं होतं, लोक बरोबरीच्या सामन्यांना कंटाळले होते, आणि तो राग मला कळतो. सावध खेळ बघायला जड जातो.

चीनमध्ये त्याला मिलू म्हणायचे. ट्रेनिंगला तो पोरांना मध्ये जाळी बांधून पायाने टेनिससारखं खेळायला लावायचा, टोपीवर लिहिलेलं असायचं की वृत्तीवरच सगळं अवलंबून आहे, आणि लोक म्हणायचे हा काय पोरखेळ चाललाय. 7 ऑक्टोबर 2001 ला शेनयांगमध्ये ओमानला 1-0 हरवून चीन पहिल्यांदा वर्ल्ड कपला गेला. जपान आणि कोरिया यजमान म्हणून पात्रता फेरीत नव्हते हे खरं, वाट सोपी झाली होती, पण त्यानंतर चीनचा पुरुष संघ आजवर परत गेलेला नाही हेही तितकंच खरं. तिथे तिन्ही सामने हरले, एकही गोल नाही. त्यातला पहिला सामना कोस्टा रिकाशी, आणि त्यांचा कोच आलेक्सांद्रे गिमारायेस, जो 90 ला बोराच्याच संघात होता (आपल्याकडे पुढे मुंबई सिटीचा कोच झाला तोच). 2-0 ने हरला बोरा, स्वतःच्याच जुन्या खेळाडूकडून. हा सामना मला फार आवडतो, हरला तरी.

ते पायाचं टेनिस मी आमच्या पोरांना आणलं. दोन काठ्या, मध्ये दोरी, एका बाजूला तिघं. बॉल एकदाच टप्पा घेणार, मग पाय, मांडी, डोकं काहीही चालेल. पहिल्या दिवशी बॉल दोरीवरून जातच नव्हता. तिसऱ्या आठवड्यात आमचा एक पोरगा, एरवी सामन्यात बॉल आला की डोळे मिटून लाथ मारणारा, त्याने मांडीवर घेऊन शांतपणे बाजूच्याला दिला, त्याने डोक्याने पलीकडे टाकला, आणि कुणी काही बोललंच नाही, पुढचा बॉल लगेच आला. आता ट्रेनिंग संपल्यावरही दोरी सोडू देत नाहीत.